कमरेची सुरी : मध्ययुगीन रीएनॅक्टमेंटमधील अचूकपणा आणि किंमत

चौदाव्या शतकातल्या लंडनमध्ये जेवायला बसणारा माणूस आपली सुरी आपल्याबरोबर घेऊन येई. यजमान पाव, मांस, रस्सा, दारू आणि फार तर चमचा पुरवी. कापायचे हत्यार ज्याचे त्याच्या कमरेला असे. काटा मेजावर नव्हता. इटलीत तो हळूहळू रुळत होता, पण इंग्लंडमध्ये तो रुळू लागायला सतरावे शतक उजाडावे लागले. शिजलेल्या मांसाचा घास कापणे, चीजची कड काढणे, सामाईक मिठाच्या भांड्यातून टोकावर चिमूटभर मीठ उचलणे ही सगळी कामे एका लहान पात्याची होती आणि उरलेले काम बोटांचे. ताटाच्या जागी शिळ्या पावाचा जाड काप. जेवण आटोपले की हीच सुरी दोरी तोडायला, काठी तासायला आणि भांडण पेटले तर उपसायलाही हाताशी असे. त्या काळच्या लंडनमधल्या अपमृत्यूंच्या चौकशीच्या नोंदी चाळल्या, तर किती सामान्य माणसांच्या कमरेला सुरी होती याचा अंदाज येतो.

इतिहासातला एखादा काळ अंगावर घालून, शिजवून, खाऊन पाहण्याचा उद्योग म्हणजे रीएनॅक्टमेंट. अमेरिकेत १९६६ मध्ये बर्कली येथे सोसायटी फॉर क्रिएटिव्ह ॲनाक्रॉनिझम सुरू झाली, ब्रिटनमध्ये त्याच सुमारास आणि पुढच्या दशकांत अनेक मंडळ्या उभ्या राहिल्या. १४७१ च्या लढाईच्या स्मरणार्थ ट्यूक्सबरी येथे दर उन्हाळ्यात भरणारा मेळा आज फार मोठा आहे. या छंदात उतरणाऱ्याचे पैसे आधी कपड्यांत, मग जोड्यांत, मग तंबूत जातात. सुरी उरते शेवटी, आणि तीच सर्वांत जवळून पाहिली जाते. तंबूच्या कापडाची वीण कोणी हातात घेऊन तपासत नाही. सुरी मात्र जेवताना प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर असते, शेजारी बसलेला ती मागून घेतो, लहान मुले तिच्याबद्दल प्रश्न विचारतात.

या सुरीबाबत एक समज घट्ट बसलेला आहे: अचूक हवी तर महाग पडणार, स्वस्त हवी तर तडजोड करावी लागणार. माझ्या मते हा समज बराचसा उलटा आहे. मध्ययुगातली जेवणाची सुरी ही मुळातच साधी, सडपातळ, फार काही न मिरवणारी वस्तू होती. आज ‘मध्ययुगीन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सुऱ्या चुकतात त्या बहुधा काही कमी असल्यामुळे नव्हे, काही जास्त असल्यामुळे: जास्त जाडी, जास्त पितळ, जास्त ठोक्यांच्या खुणा, जास्त नक्षी. हे जास्तीचे ओळखता आले, तर खर्च आणि चूक दोन्ही एकदमच कमी होतात. हे कसे होते ते पुराव्यापासून पाहू.

पुरावा

इंग्लंडपुरते बोलायचे तर सर्वांत भक्कम पुरावा टेम्स नदीच्या काठचा आहे. मध्ययुगीन लंडनकरांनी नदीत लाकडी धक्के रेटत नेले आणि त्यांच्यामागे शहराचा कचरा भरून नवी जमीन तयार केली. या भरावात पाणी मुरून राहिले, हवा शिरली नाही, त्यामुळे लाकूड आणि चामडे शेकडो वर्षे टिकले. १९७० आणि १९८० च्या दशकांत बेनर्ड्स कॅसल, ट्रिग लेन, स्वान लेन, बिलिंग्जगेट अशा ठिकाणी उत्खनने झाली. धक्क्यांच्या लाकडातल्या वर्षवलयांवरून आणि सोबतच्या नाण्यांवरून थरांचा काळ बराच काटेकोर ठरवता आला. या शोधांतल्या सुऱ्या, कात्र्या आणि म्याने यांचा सचित्र ग्रंथ काउगिल, डी नीरगार्ड आणि ग्रिफिथ्स यांनी १९८७ मध्ये ‘नाइव्ह्ज अँड स्कॅबर्ड्स’ या नावाने सिद्ध केला. साधारण ११५० ते १४५० हा त्याचा आवाका. त्यात सुऱ्यांची मापात काढलेली रेखाचित्रे आहेत. ज्याला सुरी घ्यायची आहे त्याने पहिला खर्च या ग्रंथावर करावा, किंवा ग्रंथालयात बसून त्यातली दोन पाने उतरवून घ्यावीत. दुकानदाराच्या वर्णनापेक्षा असे एक रेखाचित्र जास्त उपयोगी पडते. त्याहून जुन्या काळासाठी यॉर्कच्या कॉपरगेट उत्खननावरचे पॅट्रिक ऑटवे यांचे १९९२ चे काम आहे. रशियात नोवगोरोदच्या सुऱ्यांचा असाच अभ्यास कोल्चिन यांनी केला.

पण उत्खननाचा पुरावा वाचताना एक सावधगिरी हवी. कचऱ्यात गेली ती सुरी चांगली नव्हती. ती मोडली होती, झिजली होती किंवा हरवली होती. वर्षानुवर्षे दगडावर घासून पात्याचे पोट आत गेलेले, टोक बारीक झालेले अशा कित्येक सुऱ्या सापडतात. तो बाक घडवताना दिलेला नव्हे, वापराने आलेला. नवी सुरी त्या झिजलेल्या आकारात घडवून घेणे म्हणजे म्हातारपण जन्मापासून चिकटवणे. गंजाने पातळ झालेल्या पात्याची जाडीही तशीच्या तशी धरता येत नाही. मूळ आकार शोधायचा तर पाठीची रेषा पाहावी, कारण पाठ घासली जात नाही.

चित्रांचा पुरावा याला पूरक आहे. १२४० च्या दशकातले, आज न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात असलेले सचित्र बायबल किंवा १३२० ते १३४० च्या दरम्यानचे, ब्रिटिश लायब्ररीतले लट्रेल सॉल्टर हे स्तोत्रपुस्तक यांतल्या भोजनप्रसंगांत सुऱ्या मेजावर पडलेल्या आणि हातात धरलेल्या दिसतात. त्यांवरून सुरी धरायची कशी, ठेवायची कुठे, हाताच्या मानाने तिची लांबी किती हे कळते. धातू आणि जोड यांबद्दल मात्र चित्रकार काही सांगत नाही, आणि ही मेजे बहुधा श्रीमंतांची असतात. श्रीमंती आणि साधेपणा यांतला फरक त्या काळच्या लोकांना किती बारकाईने दिसे, हे चौदाव्या शतकातला कवी चॉसर याने ‘कँटरबरी टेल्स’मध्ये नोंदवले आहे: कँटरबरीच्या वाटेवरचे धनिक कारागीर आपल्या सुऱ्यांचे साज पितळेऐवजी चांदीचे करून घेतात, तर त्याच ग्रंथातला गिरणीवाला शेफील्डची सुरी पायमोज्यात खोचून हिंडतो. रीएनॅक्टरने आपण यांतले कोण, हे आधी ठरवावे. पितळेचा साजसुद्धा शेतमजुराच्या सुरीला शोभत नाही.

सुरीची अंगे

लंडनच्या या सुऱ्यांतले पाते बहुधा सात ते तेरा सेंटिमीटरांचे. पाठ सरळ किंवा टोकाकडे थोडी उतरती, धार हलकी वर वळून टोकाला मिळते, आणि टोक अणकुचीदार. गोल टोकाची जेवणाची सुरी ही सतराव्या शतकातली गोष्ट. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईने १६६९ मध्ये टोकदार सुऱ्यांवर बंदी घातली, तेव्हा ती पक्की रुजली.

पात्याचा आडवा छेद हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. पाठीकडे दोन ते चार मिलिमीटर जाडी, आणि तिथून थेट धारेपर्यंत दोन्ही बाजू सरळ उतरत येतात. म्हणजे छेद एका लांबट त्रिकोणाचा. आजच्या बहुतेक बाजारी सुऱ्यांत पाते अर्ध्याहून अधिक रुंदीपर्यंत सपाट जाड असते आणि धारेजवळ अरुंद पट्ट्यात तासलेले असते. ही जाडी लाकूड फोडायला बरी. उकडलेले मांस आणि पाव कापताना मात्र ती पाचरीसारखी अडते. त्रिकोणी छेदाच्या सुरीने चीज कापून पाहिले की इतका साधा आकार शतकानुशतके का टिकला ते हातालाच कळते.

मूठ सडपातळ, जवळजवळ पात्याच्याच रेषेत. बोटांसाठी खाचा नाहीत, मागे फुगवटा नाही, पुढे आडवी दांडी नाही. तिच्यासाठी बॉक्स नावाच्या झुडपाचे पिवळसर, घट्ट, गुळगुळीत लाकूड विशेष आवडीचे होते. मेपल आणि इतर देशी लाकडेही चालत. शिंग आणि हाड होतेच. हस्तिदंत पैसेवाल्यांचा.

पाते मुठीत बसवण्याच्या दोन पद्धती आहेत आणि किमतीचा सगळा प्रश्न शेवटी इथे येऊन थांबतो. पहिल्या पद्धतीत पात्याचा मागचा भाग निमुळत्या शेपटीसारखा केलेला असतो आणि तो अखंड मुठीला भोक पाडून आत ठोकतात. दुसरीत शेपटी मुठीइतकीच रुंद आणि सपाट, तिच्या दोन्ही अंगांना लाकडाच्या किंवा शिंगाच्या फाका लावून त्या रिव्हेटने पक्क्या करतात. पहिली पद्धत मध्ययुगाच्या आरंभापासून शेवटापर्यंत सर्वत्र आढळते. दुसरी लंडनच्या थरांत चौदाव्या शतकात ठळकपणे दिसू लागते आणि पुढे वाढत जाते. तिचे रिव्हेट पुष्कळदा पितळी पत्रा गुंडाळून केलेले, पोकळ नळीसारखे असतात. मुठीच्या टोकाला पितळेची टोपी, पाते आणि मूठ मिळतात तिथे पातळ पत्र्याची जोडपट्टी, असे साज याच पद्धतीबरोबर येतात.

आजचा ग्राहक सपाट शेपटी मजबूत समजतो, कारण जंगलात वापरायच्या चाकूंच्या जाहिरातींनी ते त्याच्या मनावर बिंबवले आहे. म्हणून तो तिच्यासाठी जास्त पैसे मोजतो. जेवणाच्या सुरीवर मात्र तेवढा ताण कधी येत नाही. निमुळत्या शेपटीला एक भोक आणि एक लाकूड पुरते. सपाट शेपटीला दोन फाका, अनेक रिव्हेट, त्यांची जुळणी आणि सगळे एका पातळीत घासून आणणे, एवढा व्याप. कारागिराचा वेळ त्यातच जातो. म्हणजे करायला स्वस्त असलेला जोडच सर्वांत जास्त शतकांना आणि सर्वांत जास्त थरांतल्या माणसांना लागू पडतो. बाराव्या शतकातला शेतकरी, तेराव्यातली गृहिणी, पंधराव्यातला धनुर्धारी, तिघांनाही एकच सुरी चालेल.

अचूकपणाच्या पायऱ्या

अचूकपणा हा एकसंध गुण नाही. डोळ्याला दिसतो तो, हाताला जाणवतो तो, फक्त भट्टीत किंवा सूक्ष्मदर्शकाखाली कळतो तो, असे त्याचे थर पडतात. पैसा कुठे वाचवायचा हे या थरांवरून ठरवावे.

सूक्ष्मदर्शकाखालचा थर आधी घेऊ, कारण तिथे खर्च सर्वांत जास्त आणि फायदा सर्वांत कमी. मध्ययुगीन सुरी सहसा एका धातूची नसे. पोलाद लोखंडाच्या कितीतरी पट महाग, म्हणून अंग लोखंडाचे आणि धार पोलादाची. कधी पोलादाची पट्टी दोन लोखंडी थरांमध्ये दाबलेली, कधी लोखंडी पाठीला खालून पोलाद जोडलेले. नोवगोरोदमध्ये जुन्या तीनथरी पात्यांची जागा बाराव्या शतकात पोलादी धार जोडलेल्या पात्यांनी घेतल्याचे कोल्चिन यांनी दाखवले. कमी पोलादात काम भागवण्याची ती युक्ती होती. आज असे पाते घडवून घ्यायचे तर जाणकार लोहाराचे कित्येक तास लागतात. उलट आजचे एकजिनसी कार्बन पोलाद स्वस्त आहे आणि घासून चकाकी दिल्यावर जेवणाच्या मेजावरून दोहोंत फरक दिसत नाही. जे विकत घेणे तेव्हा परवडत नव्हते ते आज स्वस्त झाले आहे आणि जी काटकसर होती ती आज चैन ठरली आहे. ज्याला धातुविद्येचाच प्रयोग करायचा आहे त्याने थरांचे पाते जरूर घ्यावे. बाकीच्यांनी इथे निर्धास्तपणे तडजोड करावी.

स्टेनलेस पोलादाचा प्रश्न वेगळा आहे. ते १९१३ मध्ये शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी पुढे आणले, आणि ते दिसते. त्याची थंड, कधी न बदलणारी चकाकी मेजावर एकटी पडते. कार्बन पोलाद वापराबरोबर रंग बदलते. घरच्या विळीचे पाते कैरी चिरल्यावर जसे निळसर काळे पडते, तशीच ही सुरी सफरचंदाने आणि कांद्याने काळवंडते. हा डाग काढायच्या मागे लागू नये. मात्र मुद्दाम काळे ठेवलेले, भट्टीची खपली न काढलेले पाते घेऊ नये. पाते चाकावर घासून साफ करणे हा तेव्हाच्या कामाचा भाग होता. दांडा फिरवून चालवायचे सहाणेचे चाक नवव्या शतकातल्या उट्रेख्ट सॉल्टरमध्येच चितारलेले आहे. हातोड्याचे ठोके दिसले की वस्तू जुनी वाटते ही आजची आवड आहे. लंडनच्या सुरीकारांना असे पाते गिऱ्हाइकापुढे ठेवायला लाज वाटली असती. त्यांच्या व्यवसायात पाते करणारे, मूठ करणारे, म्यान करणारे वेगवेगळे होते आणि सगळे जुळवून विकणारा सुरीकार आपल्या नावाला जपत असे. १४१६ मध्ये पाचव्या हेन्रीने त्यांच्या संघाला सनद दिली.

उरलेला क्रम माझ्या दृष्टीने असा: आधी एकूण आकार आणि प्रमाण, मग पात्याचा छेद, मग जोड, त्यानंतर दिसणारे साहित्य. न दिसणारे साहित्य आणि घडवण्याची रीत सर्वांत शेवटी. मुठीच्या आत आजचा इपॉक्सी गोंद असला तर तो कोणाला दिसत नाही. मुठीवर बोटांच्या खाचा असल्या तर त्या पहिल्या नजरेत दिसतात.

बाजार

जगभर विकल्या जाणाऱ्या स्वस्त प्रतिकृतींचा मोठा भाग भारतात बनतो. डेहराडूनची विंडलास स्टीलक्राफ्ट्स १९४३ पासूनची. मेरठच्या कारखान्यांतून रोमन शिरस्त्राणांपासून सगळे निघते. हात कसबी आहेत, आणि नमुना नीट दिला तर नीट वस्तू होते. अडचण होते ती नमुना परदेशी व्यापाऱ्याच्या कल्पनेतून आलेला असतो तेव्हा. मग मुठीला शिसव लागते, कारण ती तिथे सहज मिळते, आणि जाणकाराला ती गडद तपकिरी, रेषारेषांची मूठ पाहताच सुरीचा पत्ता कळतो. मध्ययुगीन इंग्लंडच्या रोजच्या सुरीला शिसव नव्हती. पाते स्टेनलेसचे नसेल आणि आकार बरा असेल, तर अशी सुरी फेकू नये, मूठ बदलावी. म्हशीच्या शिंगाची किंवा हाडाची मूठ असेल तर तीही बदलायची गरज नाही, कारण घडवल्यावर गायीबैलांच्या शिंगाहाडांपेक्षा ती सहज वेगळी ओळखू येत नाही.

काही वस्तू मात्र दुरुस्तीपलीकडच्या आहेत. पाते आणि मूठ एकाच लोखंडी सळीची, मूठ पिळलेली आणि टोक वेटोळे केलेले, अशी ‘व्हायकिंग’ सुरी प्रत्येक मेळ्यात दिसते. लोहाराला ती झटपट करता येते म्हणून स्वस्त पडते. लंडन किंवा यॉर्कच्या जेवणाच्या सुऱ्यांत तिला जागा नाही. सुरी, दुशिंगी काटा आणि चमचा एकाच चामडी पिशवीत मिळणारा संच असाच. काटा काढून टाकला तरी उरलेली सुरी बहुधा त्याच्याच जोडीची घडवलेली असते. नागमोडी नक्षीचे ‘दमास्कस’ पातेही नको. ती नक्षी तेव्हाही महाग वस्तूंवर होती, चीज कापायच्या सुरीवर नव्हे. पाठ कोनात मोडलेली साक्सन सुरी नवव्या ते अकराव्या शतकासाठी योग्य, १४०० च्या माणसाच्या कमरेला नाही. आणि पात्याबरोबरच घडवलेला जाड धातूचा गळा मुठीपाशी दिसला, तर ती सुरी सोळाव्या शतकाच्या मध्यानंतरच्या वळणाची आहे हे नक्की समजावे. हा गळा तपासणे सर्वांत सोपे, आणि त्याने अनेक चुका दुकानातच टळतात.

तयार आणि बरोबर सुरी हवी तर प्रत्यक्ष रीएनॅक्टरांच्या बाजारांतून शोधावी. तिथले कारागीर नमुना कोणत्या थरातला ते सांगू शकतात. ऑक्सफर्डशायरमधले लिओ टोडेस्किनी आपल्या उंची कामाबरोबर टॉड कटलर या नावाने स्वस्त श्रेणीही विकतात, आणि तिच्यातल्या साध्या सुऱ्या प्रत्यक्ष जुन्या नमुन्यांवर बेतलेल्या आहेत. विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा: ही कोणत्या सापडलेल्या सुरीवरून केली? ज्याला उत्तर देता येते त्याच्याकडे पुढचे बोलणे करावे.

घरी केलेली सुरी

सर्वांत स्वस्त मार्ग जुन्या स्वयंपाकघरातून जातो. अमेरिकेत ओल्ड हिकरी या नावाने मिळणारे लहान सोलाणे १०९५ जातीच्या कार्बन पोलादाचे असते. ब्रिटनच्या जुन्या बाजारांत शेफील्डच्या कार्बन पोलादाच्या स्वयंपाकाच्या सुऱ्या किरकोळ भावात पडून असतात. घेताना गळा नसलेली, पातळ, सरळ पाठीची निवडावी. चुंबकाच्या परीक्षेवर विसंबू नये, कारण स्वयंपाकघरातले बरेचसे स्टेनलेसही चुंबकाला चिकटते. पाते घासून त्यावर लिंबाचा थेंब ठेवावा. थोड्या वेळात करडा डाग पडला तर ते कार्बन पोलाद.

आधी जुने रिव्हेट घासून फाका काढून टाकाव्यात. कागदावर ग्रंथातल्या रेखाचित्राची खऱ्या मापाची नक्कल काढून ती पात्यावर चिकटवावी आणि बाहेर राहिलेले पोलाद घासून काढावे. यंत्राच्या चाकावर घासताना पाते उघड्या बोटांनी धरावे आणि चटका जाणवताच पाण्यात बुडवावे. पोलादावर फिकट पिवळा रंग उमटला तोवर ठीक; निळा आला की त्या जागेचा कडकपणा गेला आणि तिथे धार टिकणार नाही. धारेजवळचा पातळ भाग सगळ्यांत आधी निळा पडतो, म्हणून तो शेवटी आणि कानशीने किंवा दगडावर हाताने करावा. कारखान्याचा ठसाही याच वेळी घासून टाकावा. मग सपाट शेपटी दोन्ही कडांनी निमुळती करावी. ती कानशीला दाद देत नसेल, तर पात्याला ओले फडके गुंडाळून फक्त शेपटी तापवून सावकाश निवू द्यावी.

मुठीसाठी वाळलेल्या बॉक्सची फांदी मिळाली तर उत्तमच. नाहीतर मेपल, सफरचंद किंवा नासपतीचे लाकूड. भोक शेपटीपेक्षा थोडे अरुंद पाडावे, शेपटी तापवून त्यात दाबावी, धूर निघेल तोवर थांबावे, बाहेर काढून निवू द्यावी आणि पुन्हा दाबावी. लाकडाच्या आत शेपटीच्या नेमक्या आकाराचा साचा जळून तयार होतो. शेवटच्या खेपेला गोंद घालून, मूठ खालच्या बाजूने लाकडी फळीवर ठोकून सुरी बसवावी. पाते वर असते, म्हणून या ठोकण्याआधी त्यावर जाड चामडे बांधणे अत्यावश्यक आहे. मूठ आधी जाड ठेवून पाते बसल्यावर घडवली तर ती सरळ रेषेत आणणे सोपे जाते, आणि जवसाच्या तेलाचे दोन हात पुरतात.

स्वीडनच्या ‘मोरा’ चाकूचे पाते अनेकजण सुचवतात. ते चांगले पोलाद आहे, पण त्याचा उतार धारेजवळच्या पट्ट्यापुरता असतो. तो पाठीपर्यंत नेण्यासाठी इतके घासावे लागते की त्यापेक्षा जुने सोलाणे शोधलेले बरे.

म्यान

सुरी जेवतानाच बाहेर असते. दिवसभर दिसते ते म्यान. तरीही खर्चाच्या हिशेबात ते शेवटी येते आणि बहुतेकांचे सोंग इथेच उघडे पडते. शिकारी चाकूचे म्यान, कडेला शिवलेले, पट्ट्यासाठी मागे जाड फासा आणि वर बटण, हे विसाव्या शतकाचे आहे. लंडनची म्याने बहुधा वासराच्या चामड्याच्या एकाच तुकड्याची, सुरीभोवती गुंडाळून पाठीमागे मध्यावर शिवलेली. ती पात्याबरोबर मुठीचाही बराच भाग गिळतात. वरच्या कडेजवळ चिरा असतात आणि त्यांतून ओवलेल्या वादीने म्यान पट्ट्याला लोंबकळते. पुढच्या बाजूची नक्षी मुठीच्या आणि पात्याच्या भागांत वेगवेगळी विभागलेली असते. कोरलेल्या रेषा, ठसे, चौदाव्या शतकात ढालींवरची कुलचिन्हे.

याला लागणारे साहित्य अगदी थोडे: वनस्पतींच्या सालीत कमावलेले दीड ते दोन मिलिमीटर जाडीचे चामडे, मेण लावलेला जवसाचा दोरा, दोन सुया, एक आरी. क्रोमने कमावलेले मऊ चामडे घेऊ नये. ते भिजवून साच्यात बसत नाही आणि त्यावर रेषा उमटत नाही. चामडे कोमट पाण्यात भिजवून सुरीभोवती दाबायचे, पण त्याआधी सुरी प्लास्टिकच्या पातळ कागदात घट्ट गुंडाळावी. सालीतले टॅनिन ओल्या लोखंडाला लागले की दोन्ही शाईसारखे काळे होतात आणि तो डाग पुढे निघत नाही. रात्रभर वाळल्यावर म्यान स्वतःहून सुरीचा आकार धरते, इतका की उलटे धरले तरी सुरी पडत नाही. पट्ट्याला लोंबकळणाऱ्या सुरीला ही पकड लागते, आणि ती असली की सुरी अडकवून धरायला बटण किंवा वेगळ्या वादीची गरजच उरत नाही.

नेणे आणि जपणे

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८८ च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टच्या कलम १३९ नुसार सार्वजनिक जागी सबळ कारणाशिवाय पात्याची वस्तू बाळगणे हा गुन्हा आहे. सूट फक्त तीन इंचांपर्यंतच्या, न अडकणाऱ्या घडीच्या चाकूला. आपली सुरी घडीची नाही, त्यामुळे ती कितीही लहान असली तरी सूट मिळत नाही. मेळ्याला जाणे हे सबळ कारण ठरू शकते, पण ते मेळ्यापुरतेच. वाटेत सुरी गुंडाळून, कुलूपबंद पेटीत, चटकन हाती न येईल अशी ठेवावी, आणि संध्याकाळी मेळ्याच्या वेशातच गावातल्या दुकानात जायचे असेल तर कमरेची सुरी आधी तंबूत ठेवावी. विमानात ती फक्त सोपवलेल्या सामानात जाते. म्यानाची पकड असली तरी अनेक मंडळ्या जेवणाची वेळ सोडून सुरी म्यानात वादीने बांधून ठेवायला सांगतात. प्रेक्षकांत मुले असतात, तेव्हा हा नियम मनापासून पाळावा.

जेवण झाले की पाते पुसून कोरडे करावे आणि त्यावर खाण्याच्या तेलाचे बोट फिरवावे. सुरी पाण्यात भिजत ठेवली तर शेपटीभोवतीचे लाकूड फुगते आणि जोड सैल होतो. ओले पाते म्यानात घालू नये. तिथे गंज दिसत नाही आणि धारेलाच आधी धरतो. महिन्यातून एकदा सपाट दगडावर दोन्ही बाजू पूर्ण टेकवून घासल्या तर त्रिकोणी छेद तसाच राहतो. धारेला वेगळा कोन देण्याचा मोह आवरला, तर काही वर्षांनी या पात्याचे पोटही टेम्सच्या गाळातल्या सुऱ्यांसारखे आत जाऊ लागेल, आणि तेव्हा तो बाक खऱ्या वापराचा असेल.